साडेसत्तावीस

त्या डोंगरात जुलैत बर्फ पडतं,
आणि घाट बंद झाला की
पोटातल्या बाळाला तसं कळवायची सोय नसते.
म्हणून मालेरातोला तारीख लागते.
आठवडाभर आधी जीप मागवायची,
पोटुशीला खाली दवाखान्याशेजारच्या खोलीत ठेवायचं:
एक चूल, दोन गाद्या, खिडकी.

तारीख सांगणार कोण?
"मका गुडघ्याएवढा होता तेव्हा," बायका म्हणतात,
नाहीतर, "मेंढ्या कातरल्या त्याच्या आसपास."
मग ती शिंप्याची टेप घेते,
एक टोक हाडावर, दुसरं गर्भाशयाच्या माथ्यावर,
पोट सांगेल तो आकडा वहीत.
बावीस वर्षांच्या अकरा वह्या. कडांना रॉकेलचा वास.

मी मासेरूहून आले, शिकाऊ नर्स, गणितात बरी.
जन्माच्या नोंदींपासून मागं मोजत
चारशे बारा बायका आलेखावर मांडल्या:
आडवे आठवडे, उभे सेंटिमीटर.
मुंग्यांसारखे ठिपके, रांगेतले आणि रांग मोडणारे.
मधून पट्टी धरून रेघ ओढली.
य = ०.९ क्ष + ३.२

मालेरातोनं चष्मा कपाळावर चढवला.
"म्हणजे क्ष शून्य, दिवसच गेले नाहीत,
तरी पोट तीन सेंटिमीटर?"
म्हटलं, तिथं रेघेचं ऐकायचं नसतं,
ठिपके विसाव्या आठवड्यापासूनचे,
त्याच्या अलीकडे ती नुसतीच लांबवलेली.
"नाही, नाही, बरोबर आहे," ती म्हणाली,
"ते तीन सेंटिमीटर सासूचे."

पुसेलेत्सो जूनच्या मध्यावर आली.
सासू दाराजवळच्या बाकावर, तपकिरी घोंगडीत, मांडीवर काठी.
नवरा वेल्कमच्या खाणीत,
नाताळला दहा दिवस येऊन गेलेला.
त्या हिशेबानं सत्तावीस आठवडे.
टेप मी लावली. बत्तीस.
पुन्हा लावली. बत्तीस.
मी तोंड उघडणार तोच
मालेरातो मोठ्यानं म्हणाली, "साडेसत्तावीस,"
आणि लिहिलंही, बाकापर्यंत ऐकू जाईल अशा पेन्सिलीनं.
पुसेलेत्सो पत्र्यातली खिळ्यांची भोकं बघत होती.

रात्री मी समीकरण उलटं सोडवलं.
बत्तीसातून ते सासूचे वजा केले, नऊ दशांशानं भागलं.
बत्तीसच आले.
रेघ मागं मागं गेली, नाताळ ओलांडून,
नोव्हेंबरात, मक्याच्या पेरणीत जाऊन थांबली.
नवरा तेव्हा जमिनीखाली दोन किलोमीटरवर.
मी कागद पालथा घातला.
"रेघेला मागंही टोक असतं, ठाऊक आहे मला,"
अंधारातून मालेरातो.
"तू पुढच्या टोकाचं बोल. जीप कधी?"

दहा ऑगस्ट, मी म्हटलं.
मिठाच्या कंपनीच्या कॅलेंडरवर
तिनं दोन तारखेभोवती गोल काढला. नाव नाही.
सासूला सांगितलं, रक्त कमी आहे, खाली न्यायला हवं.
पाचला घाट बंद.
नऊला मुलगी झाली.
वहीत: पस्तिसावा आठवडा, लवकर.
वजनाचा रकाना कोरा.

घाट उघडल्यावर सासूनं बाळ दोन्ही हातांवर तोललं.
"लवकर आली तरी धट्टी आहे.
आमच्याच घराण्यावर गेलीय."

पुढं, पीचच्या झाडांना फुलं आली तेव्हा
जिल्ह्याचे अधिकारी आले. आलेख भिंतीवर होता.
चारशे तेरा ठिपके,
रेघेच्या वर नाहीतर खाली,
एक सेंटिमीटर, दीड, कुठं तीन.
एकच अगदी रेघेच्या पोटात.
त्यांनी त्यावर बोट ठेवलं.
"हे माप कुणी घेतलं?
असा हात सगळ्यांचा बसायला हवा."

मालेरातो किटली घासत होती.
जरा जोरात घासू लागली.